घराजवळचं मेट्रो स्टेशन एकदा नीट शिकून घ्या

मुंबईत मेट्रोच्या प्रवासात गाडीत बसणं हा सगळ्यात सोपा भाग. दारं आपोआप उघडतात, गार हवा लागते, पुढचं स्टेशन कोणतं ते मराठीत ऐकू येतं. धांदल होते ती गाडीच्या आधी आणि नंतर. लिंक रोड कुठून ओलांडायचा, लिफ्ट कुठल्या बाजूला, हे ठाऊक नसतं. वर चढून गेल्यावर कळतं की प्लॅटफॉर्म पलीकडचा हवा होता. आणि उतरल्यावर रिक्षावाला नुसती मान हलवून निघून जातो.

पैशांचा हिशोबही तेच सांगतो. मेट्रो २अ आणि ७ या दहिसर-अंधेरी मार्गांच्या भाड्याचे टप्पे असे ठरले: तीन किलोमीटरपर्यंत १० रुपये, तीन ते बारापर्यंत २०, बारा ते अठरापर्यंत ३०. रिक्षाचं किमान भाडं मात्र फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. कांदिवली पश्चिमेहून गोरेगाव पश्चिमेला जाताना मेट्रोचे २० रुपये आणि दोन्ही टोकांना मीटरची रिक्षा केली तर कमीत कमी ५२. मेट्रो महाग पडते अशी कुरकुर करणाऱ्यांनी आधी या ५२ रुपयांकडे बघावं.

म्हणून घराजवळचं स्टेशन एकदा निवांतपणे शिकून घ्यावं. घरात सत्तरीचं कुणी असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा बाबागाडीतलं मूल असेल तर नक्कीच. मी लिहितोय ते मुख्यतः कांदिवली-बोरिवलीच्या पट्ट्याबद्दल, पण मरोळ असो की गिरगाव, रीत तीच.

आधी पत्ता पक्का करा

मेट्रो २अ धावते लिंक रोडवर, ७ धावते पश्चिम द्रुतगती महामार्गावर, आणि लोकल या दोन्हींच्या मधून. त्यामुळे 'मालाड पश्चिम' मेट्रो स्टेशन आणि मालाड रेल्वे स्टेशन ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. मधलं अंतर चांगलं रिक्षाचं, सामान हातात घेऊन पायी निघण्याचं नाही. कांदिवली पश्चिम आणि बोरिवली पश्चिम यांचंही तसंच. पाहुण्यांना "कांदिवलीला उतरा" एवढंच सांगितलं की ते उतरतात एकीकडे आणि तुम्ही उभे असता दुसरीकडे. फोनवर 'मेट्रोचं' की 'लोकलचं' हा शब्द आवर्जून घाला. पुण्याहून येणाऱ्या मावशींना तर दोनदा सांगा.

लोकलवरून थेट मेट्रो हवी असेल तर अंधेरी आणि घाटकोपर ही मेट्रो १ ची स्टेशनं पुलाने रेल्वेला जोडलेली आहेत. भुयारी मेट्रो ३ वर चर्चगेट आणि सीएसएमटी आहेतच, पण मुंबई सेंट्रलसाठी 'जगन्नाथ शंकरशेठ' हे नाव शोधावं लागतं. बाहेरगावच्या माणसाला ते कळणं कठीण.

नावांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २अ आणि ७ ची पहिली फेरी २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी झाली. तेव्हा एक गाडी डहाणूकरवाडीपर्यंत आणि दुसरी आरेपर्यंतच जायची. पुढचे टप्पे जानेवारी २०२३ मध्ये उघडले. मधल्या काळात काही स्टेशनांची नावं बदलली, पठाणवाडीचं दिंडोशी झालं. जुने नकाशे आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे फोटो यांवर विसंबू नका, स्टेशनवरचा नकाशा बघा.

रविवारी सकाळी एक फेरफटका

कामाच्या दिवशी हे जमत नाही. रविवारी नाश्ता झाला की निघा, आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांना बरोबर घ्या. तुम्ही सात मिनिटांत पोचता तिथे आईला बारा लागत असतील, तर घरातून निघायची वेळ बाराच्या हिशोबाने ठरते.

चालताना फुटपाथ बघा. कुठे तो तुटलाय, कुठे टपरीमुळे रस्त्यावर उतरावं लागतं, कुठे गटाराचं झाकण हलतं. रस्ता ओलांडायची जागा ठरवा. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: उन्नत (खांबांवरच्या) स्टेशनचा मधला मजला, म्हणजे तिकीट खिडक्यांचा, बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतो आणि गेटच्या अलीकडचा भाग तिकिटाशिवाय वापरता येतो. मेट्रोने कुठेही जायचं नसलं तरी लिंक रोड किंवा हायवे ओलांडायला तो पूल म्हणून वापरा. सिग्नल सुटायच्या आत म्हाताऱ्या माणसाला ओढत नेण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

मग लिफ्ट शोधा. स्टेशनला रस्त्यावर उतरणारे चार पाय असले तरी चारही पायांशी लिफ्ट असेलच असं नाही. सरकता जिना कुठे वर जातो आणि खाली येताना तो आहे का, हेही बघा, कारण गुडघ्यांना त्रास उतरताना जास्त होतो. लिफ्ट मधल्या मजल्यापर्यंतच नेते आणि प्लॅटफॉर्मसाठी गेटच्या आत दुसरी असते. दोन्ही चालू आहेत ना, ते प्रत्यक्ष बसून बघा. व्हीलचेअर हवी असेल तर स्टेशनवरच्या कर्मचाऱ्यांना विचारलं की मिळते. स्वच्छतागृह गेटच्या आत की बाहेर, हे तेव्हाच विचारून घ्या. मधुमेह असलेल्या घरात हा प्रश्न लिफ्टइतकाच मोठा.

घरी आल्यावर एका चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर लावा: कुठल्या दुकानासमोरचा जिना, लिफ्ट कुठे, परत येताना कुठून उतरायचं. त्यात मेट्रोच्या खांबाचा नंबरही लिहा. उन्नत मार्गाच्या खांबांवर नंबर रंगवलेले असतात आणि कुणी फारसं त्यांच्याकडे बघत नाही. "मेडिकलसमोर" म्हटलं तर लिंक रोडवर चार मेडिकल सापडतील, खांबाचा नंबर मात्र एकच. घ्यायला येणाऱ्या मुलाला, रिक्षावाल्याला, पुढे तक्रार करायची वेळ आली तर महापालिकेला, सगळ्यांना तो कळतो.

तिकीट कसं काढायचं

कधीमधी जाणाऱ्यांनी खिडकीवर किंवा मशीनवर कागदी क्यूआर तिकीट काढावं. सोपं आहे, फक्त ते मुठीत चुरगळू नका आणि पावसात ओल्या खिशात ठेवू नका. उतरतानाही तेच स्कॅन करायचं असतं. मोबाइलवर काढायचं असेल तर व्हॉट्सअॅपवर तिकीट मिळतं, शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून 'मुंबई वन' हे अॅप आहे. त्यात मेट्रोबरोबर लोकल आणि बेस्ट मिळून ११ सेवा एकत्र आणल्या आहेत. मेट्रो ३ ने जाणार असाल तर तिकीट वर रस्त्यावर असतानाच काढा. जमिनीखाली गेल्यावर नेटवर्क शोधत फोन हवेत फिरवणारी माणसं रोज दिसतात.

रोज जाणाऱ्यांनी 'मुंबई १' कार्ड घ्यावं. अॅपशी नाव मिळतंजुळतं असलं तरी ही वेगळी गोष्ट. हे राष्ट्रीय सामायिक मोबिलिटी कार्ड आहे, त्यामुळे तेच कार्ड बेस्टच्या बसमध्येही चालतं. त्यातले पैसे कार्डाच्या चिपमध्ये असतात, जास्तीत जास्त २००० रुपये, आणि गेटवर पिन विचारली जात नाही. म्हणजे कार्ड हरवलं की आतले पैसेही गेले असं धरून चाला आणि लागतील तेवढेच भरा. ऑनलाइन भरलेले पैसे चिपवर चढवण्यासाठी स्टेशनवरच्या मशीनला एकदा कार्ड दाखवावं लागतं. न दाखवता गेटवर गेलात तर बँकेतून पैसे गेलेले असतात आणि गेट मात्र उघडत नाही. मग मागची रांग सुस्कारे टाकू लागते.

आता पासचा हिशोब, कारण इथे लोक सवलतीचा आकडा ऐकून भुलतात. २अ आणि ७ वर तीस दिवसांत ४५ फेऱ्यांच्या पासवर १५ टक्के आणि ६० फेऱ्यांवर २० टक्के सवलत ठरवली गेली. ६५ वर्षांवरचे ज्येष्ठ, दिव्यांग आणि बारावीपर्यंतचे विद्यार्थी यांना मे २०२३ पासून या पासवर २५ टक्के सवलत दिली गेली. साठी ओलांडली म्हणून खिडकीवर जाल तर परत याल. पण ४५ फेऱ्यांवर २५ टक्के सवलत म्हणजे जवळपास ३४ फेऱ्यांचे पैसे आधीच मोजले. आजोबा आठवड्यातून एकदा डॉक्टरांकडे आणि एकदा भजनाला जात असतील तर महिन्याच्या फेऱ्या होतात सोळा-अठरा. त्यांना पास तोट्याचा. पाच दिवसांचा आठवडा असलेल्या ऑफिसवाल्याच्या ४४ फेऱ्या होतात, त्याला ४५ चा पास अगदी बेतून शिवल्यासारखा. सहा दिवस जाणाऱ्याच्या ५२ होतात आणि ६० चा पास ४८ फेऱ्यांच्या पैशांत पडतो, म्हणजे फायदा आहे, पण जेमतेम. महिन्यात लग्नसराई किंवा गणपतीची सुट्टी येत असेल तर घेऊ नका. पाहुण्यांना मुंबई दाखवायची असेल तर अमर्याद फेऱ्यांचा पासही निघाला होता, एका दिवसाला ८० रुपये आणि तीन दिवसांना २००. कुठलाही पास काढताना त्या दिवशीचा दर खिडकीवर विचारून मगच पैसे द्या.

तपासणी आणि गेट

बॅग मशीनमधून जाते, माणसाची तपासणी वेगळी, बायकांची आडोशाला. गर्दीच्या वेळी बॅग पुढे निघून जाते आणि आपण मागे राहतो, म्हणून पैसे आणि फोन असलेली छोटी पिशवी शेवटी ठेवा. तिकीट मात्र बॅगेत नको, हातात हवं.

गेटवरची गडबड नेहमी एकाच प्रकारची असते. आमच्या सोसायटीतले एक काका पहिल्यांदा आले तेव्हा उजव्या हातात छत्री होती, म्हणून तिकीट डाव्या हातात. त्यांनी डावीकडच्या खांबावर स्कॅन केलं. शेजारच्या वाटेची पाखं उघडली, दोन क्षण तशीच राहिली आणि मिटली. काका आपल्या बंद गेटसमोर तिकीट पुन्हा पुन्हा दाखवत राहिले आणि मशीन लाल दिवा दाखवत राहिलं, कारण मशीनच्या लेखी ते आत गेलेले होते.

नियम एकच: स्कॅन करायचं ते आपल्या उजव्या हाताच्या खांबावर आणि जायचं त्याच्या डावीकडून. डावखुऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. चुकलंच तर वाद न घालता गेटशेजारच्या मदत खिडकीत जा, ते तिकीट बघून सोडवतात. एका तिकिटावर दोघांनी चिकटून घुसायचा प्रयत्न करू नका, पाखं मध्येच मिटतात आणि लागतात. लहान मूल असेल तर रुंद गेट वापरा, बाबागाडी आणि व्हीलचेअरसाठी तेच असतं. आत गेल्यावर गप्पा मारत रेंगाळू नका, तिकिटाला वेळेची मर्यादा असते आणि ती उलटली की बाहेर पडताना जादा पैसे पडतात.

प्लॅटफॉर्मवर

उन्नत स्टेशनांवर बहुतेक ठिकाणी दोन प्लॅटफॉर्म दोन बाजूंना असतात, मधून रूळ. म्हणजे जिना चुकला की पुन्हा मधल्या मजल्यावर उतरून पलीकडचा जिना चढणं आलं. गेटमधून आत गेल्यावर तिथेच थांबा, पाटीवर शेवटचं स्टेशन कोणतं लिहिलंय ते वाचा, मग जिना धरा. दहिसरच्या बाजूला की अंधेरीच्या, एवढं मनाशी पक्कं असलं की पुरे.

२अ आणि ७ च्या प्लॅटफॉर्मच्या कडेला अर्ध्या उंचीची सरकती दारं आहेत, मेट्रो ३ वर पूर्ण उंचीची काचेची. मेट्रो १ वर जुनी पद्धत, म्हणून तिथे पिवळ्या रेषेमागे उभं राहणं मनावर घ्या. उंचवट्यांच्या पिवळ्या लाद्या दृष्टिहीनांसाठी असतात, त्यांवर बॅगा ठेवून उभं राहणाऱ्यांना मी तरी हटकतो.

गाडी थोडाच वेळ थांबते आणि दारं मिटताना कुणासाठी खोळंबत नाहीत. त्यामुळे घरच्यांशी एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: जो आत राहिला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरून त्याच प्लॅटफॉर्मवर थांबायचं, आणि जो मागे राहिला त्याने पुढच्या गाडीने तिथे यायचं. दोघांनीही एकमेकांना शोधायला उलट्या दिशेच्या गाड्या धरल्या की संध्याकाळ गेलीच. हे ठरलेलं असलं की फोन बंद पडला तरी माणूस सापडतं.

गाडी बदलताना

२अ आणि ७ दहिसर पूर्वला भेटतात, तिथे नवं तिकीट लागत नाही. मेट्रो १ चं मात्र वेगळं. अंधेरी पश्चिमेवरून डी. एन. नगर आणि गुंदवलीवरून वेस्टर्न एक्सप्रेस हायवे ही स्टेशनं पुलाने जोडलेली आहेत, पण बाहेर पडून पुन्हा तपासणी आणि पुन्हा तिकीट आलंच. मरोळ नाक्याला मेट्रो १ वर आहे आणि मेट्रो ३ जमिनीखाली, त्यामुळे उतरणं-चढणं बरंच होतं. पोटात कावळे ओरडत असताना आणि हातात दोन पिशव्या असताना ही अदलाबदल पंधरा मिनिटं सहज खाते, ती वेळेत धरा. विमानतळावर जाणाऱ्यांनी तर आणखी धरावी.

परतीची वाट आणि शेअर रिक्षा

सकाळी जाताना रिक्षा पटकन मिळते, रात्री परतताना नाही. रविवारच्या फेरफटक्यात शेअर रिक्षाची रांग कुठे लागते ते बघा. ती ज्या बाजूला असेल त्याच जिन्याने उतरायची सवय लावा. बेस्टच्या थांब्याचा नंबर आणि बस 'चलो' या अॅपवर दिसते, त्यामुळे वर प्लॅटफॉर्मवर असतानाच बस किती लांब आहे ते कळतं. भाडं नाकारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ खाली गुन्हा आहे. गाडीचा नंबर, वेळ आणि जागा लिहून आरटीओ किंवा वाहतूक पोलिसांकडे तक्रार देता येते. सायकल असेल तर २अ आणि ७ च्या गाड्यांत ती नेता येते, फक्त गर्दीच्या वेळी तो आग्रह धरू नका.

मेट्रो लोकलसारखी रात्री एक-दीडपर्यंत चालत नाही. नाटकाचा रात्रीचा प्रयोग असेल तर शेवटची गाडी आधी बघून जा. दुसरा अंक संपायच्या आत मनात मेट्रोचंच वेळापत्रक घोळू लागतं, त्यापेक्षा येताना लोकल धरलेली बरी. बायकांनी रात्री उतरताना कर्मचारी उभे असतात तोच जिना वापरावा आणि ११२ हा नंबर फोनमध्ये वरच ठेवावा. एकसर आणि आकुर्ली ही दोन स्टेशनं मार्च २०२३ च्या सुमारास पूर्णपणे महिला कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यात आली, हे सहज जाता जाता.

पावसात आणि गर्दीच्या दिवशी

उन्नत मार्गावर पाणी भरत नाही, पण जिन्याच्या पायथ्याशी भरतं. पहिल्या मोठ्या पावसात तुमच्या स्टेशनचा कुठला जिना तळ्यात उतरतो ते बघून ठेवा. भुयारी मार्गाचं दुखणं निराळं. २६ मे २०२५ ला आचार्य अत्रे चौक स्टेशनात काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडून पाणी घुसलं आणि गाड्या वरळीपर्यंतच चालवाव्या लागल्या. तो टप्पा सुरू होऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता.

त्याहून महत्त्वाचा धडा १९ ऑगस्ट २०२५ चा. पावसाने हार्बरची लोकल बंद पडली आणि सगळी गर्दी मोनोरेलवर लोटली. चेंबूर आणि भक्ती पार्कच्या दरम्यान म्हैसूर कॉलनीजवळ गाडी अडकली, आतली हवा कोंडली, आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून जास्त माणसं उतरवली. गाडीची क्षमता १०४ टनांची, भार गेला होता १०९ टनांवर, असं महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, नंतर सांगितलं. लोकलमध्ये आपण कोंबून घेतो म्हणून प्रत्येक गाडी कोंबून घेईल असं नाही. लोकल बंद पडलेल्या दिवशी स्टेशनवर "पुढच्या गाडीने या" अशी घोषणा झाली तर तिचं ऐका, आणि आजारी माणसाला त्या दिवशी बाहेर काढूच नका. आत अडकलातच तर दाराशेजारच्या बटणाने चालकाशी बोलता येतं. दारं स्वतः उघडायचा प्रयत्न करू नका.

तक्रार कुठे करायची

लोक सगळ्या गोष्टींसाठी मेट्रोला शिव्या घालतात आणि काहीच होत नाही, कारण निम्म्या गोष्टी तिच्या हातातच नसतात. बंद लिफ्ट, न चालणारं गेट, अस्वच्छ प्रसाधनगृह, हरवलेली वस्तू: ही कामं स्टेशन नियंत्रकाची. वस्तू हरवली तर तिकीट फेकू नका, त्यावरची वेळ दाखवली की कॅमेऱ्यात शोधणं सोपं होतं. तुटलेला फुटपाथ, उघडं गटार, साचणारं पाणी, जिन्याच्या तोंडाशी बसलेलं अतिक्रमण: ही महापालिकेच्या विभाग कार्यालयाची. कांदिवलीसाठी आर दक्षिण, बोरिवलीसाठी आर मध्य, दहिसरसाठी आर उत्तर. फोनवर १९१६. बस थांबा हलवून हवा असेल तर बेस्ट.

तक्रारीत "मेट्रोजवळ फार वाईट अवस्था आहे" असं लिहू नका. "डहाणूकरवाडी स्टेशन, लिंक रोड, पश्चिमेकडची बाजू, खांब क्रमांक अमुक, फुटपाथची लादी नाही, रुंदी एवढी, ज्येष्ठांना रस्त्यावर उतरावं लागतं" असं लिहा. फोटो दोन जोडा, एक जवळचा आणि एक खांबाचा नंबर दिसेल असा लांबचा. तक्रार क्रमांक मिळाला की तो सोसायटीच्या ग्रुपवर टाका आणि आणखी चार घरांना त्याच जागेची वेगळी तक्रार करायला सांगा. पंधरवड्यात हालचाल नाही झाली तर तो क्रमांक घेऊन विभाग कार्यालयात प्रत्यक्ष जा, शक्यतो सकाळी, आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.